सत्तेचाळीस पानांचा वाचक

हिंगोलीत ऑफिस थाटलं तेव्हा पाटीवर 'मुक्त सॉफ्टवेअर : सल्ला व सेवा' असं लिहायचं, हे मी पेंटरला कागदावर काढून दिलं होतं. पाटी टांगली तेव्हा त्यातला 'मुक्त' गायब होता आणि खाली लाल अक्षरांत 'झेरॉक्स, लॅमिनेशन' असं त्याने स्वतःच्या पदरचं घातलं होतं. मी चिडले. तो शांतपणे म्हणाला, मुक्त लिहिलं तर लोक फुकट मागायला येतील आणि झेरॉक्स लिहिलं नाही तर कुणीच येणार नाही. सहा महिन्यांत मी निमूटपणे झेरॉक्सचं मशीन आणलं. पुढच्या अकरा वर्षांत आमच्या सल्ल्याला जी काही गिऱ्हाइकं मिळाली त्यातली निम्मी तरी आधी सात-बाराची झेरॉक्स काढायला आलेली होती.

आमचा धंदा नेमका काय होता हे मला आजही नातेवाइकांना समजावून सांगता आलेलं नाही, पण वाचकांसाठी प्रयत्न करते. कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम म्हणजे ओळीने लिहिलेल्या सूचना. आधी हे कर, मग ते कर, अमुक असेल तर तमुक कर. कंपन्या प्रोग्रॅम विकतात, पण आतल्या सूचना दाखवत नाहीत. आम्ही दाखवत असू. शिंपिणीने ब्लाउज शिवून देताना बेतलेला कागदही सोबत द्यावा, म्हणजे उद्या ती गाव सोडून गेली तरी दुसऱ्या कुणाकडून तो सैल करून घेता येईल, इतकं ते साधं होतं. जगभरच्या हौशी आणि हुशार लोकांनी असे हजारो प्रोग्रॅम लिहून खुले ठेवले होते. ते घ्यायचे, आपल्याकडच्या कामाला बसतील असे बदलायचे, गिऱ्हाइकाकडे बसवून द्यायचे, शिकवायचे आणि मेहनतीचे पैसे घ्यायचे.

या पंथाचा एक नियम मी फार कसोशीने पाळत असे. प्रोग्रॅममध्ये काहीही बदललं की शेजारीच टीप लिहायची : काय बदललं, कधी, कुणाच्या सांगण्यावरून आणि का. या टिपा कॉम्प्युटर वाचत नाही, त्या माणसांसाठी असतात. मी त्या इंग्रजी अक्षरांत पण मराठी भाषेत लिहीत असे, कारण कधी काळी त्या वाचणारं माणूस इथलंच असणार असं मी धरून चालले होते.

ऑफिस म्हणजे खताच्या दुकानावरच्या दोन खोल्या. माणसं दोन, मी आणि अझहर. अझहर माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, रेडिओ-टीव्हीच्या दुरुस्तीतून कॉम्प्युटरकडे आलेला. प्रोग्रॅम लिहायचं काम माझं, आणि मशीनमध्ये उंदीर शिरला, वीज गेली, प्रिंटरमध्ये पाल अडकली की ते काम त्याचं. येणारा माणूस दारातच विचारायचा, साहेब कधी येतील? मी सांगायचे, जे काही आहे ते मीच आहे. त्यावर तो समजूतदारपणे मान हलवून साहेबांची वाट बघत बाकावर बसायचा. संध्याकाळी पाचला माझे यजमान, जे ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायचे आणि ज्यांना कॉम्प्युटर सुरूही करता येत नसे, भाजीची पिशवी घेऊन जिना चढले की बाकावरची मंडळी उठून उभी राहायची.

सेनगाव तालुक्यातल्या एका शाळेला आम्ही निकालपत्रकं आणि दाखल्यांचा प्रोग्रॅम करून दिला. मुख्याध्यापक सज्जन होते. प्रोग्रॅमच्या सगळ्या सूचना असलेली सीडी मी त्यांच्या हातात देताना दहा मिनिटांचं भाषण केलं. ही तुमची आहे, हिच्यात सगळं उघडं आहे, कुणालाही दाखवा, बदला, जपून ठेवा. त्यांना ते फार भिडलं असावं. त्यांनी सीडी कपाटात ठेवली आणि दसऱ्याला प्रयोगशाळेची उपकरणं, शिवणयंत्र आणि घंटा यांच्याबरोबर तिचीही पूजा केली. हळदकुंकू लावताना चकचकीत बाजू निवडली, कारण देवासमोर चांगली बाजू ठेवायची असते. पुढच्या उन्हाळ्यात कॉम्प्युटर बिघडला तेव्हा सीडी काढली, तर तिच्यावर तेलात कालवलेल्या कुंकवाचा असा थर बसला होता की अझहरने दोन दिवस कापूस घेऊन झटापट केली आणि हात टेकले. आमच्याकडे दुसरी प्रत होती म्हणून निभावलं. मुख्याध्यापकांनी नवी सीडी घेतली आणि विचारलं, यंदा अक्षता चालतील का?

वसमतचा एक हळदीचा अडत्या वेगळ्याच कारणाने नाराज होता. त्याच्या गोदामातल्या पोत्यांची नोंद ठेवणारा आमचा प्रोग्रॅम व्यवस्थित चालत होता, पण त्याच्या शेजाऱ्याने विकत घेतलेल्या प्रोग्रॅमबरोबर एक कुलूप आलं होतं. कुलूप म्हणजे कॉम्प्युटरच्या पाठीमागे खोचायचा अंगठ्याएवढा तुकडा. तो काढला की प्रोग्रॅम बंद. आमच्यात असं काही नाही, याचा अर्थ आमचा माल हलका, असं त्याने ठरवलं. मी त्याला स्वातंत्र्य, मालकी, विश्वास अशा सगळ्या विषयांवर समजावलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, ते समदं बराबर हाय मॅडम, पन कुलूप कुठंय? अझहरने माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "मॅडम, इनको ताला होना." दुसऱ्या दिवशी त्याने भंगारातून तसाच एक जळका तुकडा आणून पाठीमागे बसवून दिला. प्रोग्रॅमचा आणि त्याचा काडीचा संबंध नव्हता. अडत्या रोज संध्याकाळी तो काढून तिजोरीत ठेवायचा आणि सकाळी उदबत्ती फिरवून पुन्हा लावायचा. सात वर्षं तो आमचा सर्वांत समाधानी ग्राहक होता.

असे बरेच होते. प्रत्येकाला मी सीडी दिली, ज्यांना हवी त्यांना छापील प्रत देऊ केली. कुणी कधी एक पान उघडून पाहिलं नाही. मला त्याचं वाईट वाटायचं. माझ्या मनात एक वाचक होता, जो एक दिवस जिना चढून येईल आणि म्हणेल, मला आतलं बघायचं आहे. तो आला, आणि आला तेव्हा माझी पाचावर धारण बसली.

ते प्रकरण एका साखर कारखान्याचं. कारखान्याचं नाव लिहीत नाही, तो जिल्ह्याच्या आत होता की बाहेर तेही लिहीत नाही. सहकारी कारखान्यात ऊस कुणाचा आधी तोडायचा हा सगळ्यात नाजूक प्रश्न असतो. ज्याची लागण, म्हणजे लावणी, आधी, त्याचा ऊस आधी, हा नियम. ऊस वेळेत तुटला नाही तर त्याला तुरा येतो, आतून पोकळ होतो, वजन घटतं. कालव्याचं पाणी बंद झालं की उभा वाळतो. बारा-चौदा महिने जपलेलं पीक पंधरा दिवसांच्या उशिराने हातचं जातं. ही यादी पूर्वी कारखान्याचे कारकून हाताने करायचे आणि तिच्यावर कुणाचाही भरवसा नव्हता. अध्यक्षांच्या मनात आलं की यादी कॉम्प्युटरने काढावी, म्हणजे भांडायला आलेल्या माणसाला कॉम्प्युटरकडे बोट दाखवता येईल.

काम आम्हाला मिळालं. करारात मी हट्टाने एक कलम घातलं : कारखाना सभासदांचा आहे, म्हणून कोणत्याही सभासदाने मागितल्यास प्रोग्रॅमची छापील प्रत त्याला द्यावी. अध्यक्षांनी ते वाचलं, हसले आणि सही केली. वार्षिक सभेत त्यांनी हे कलम मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा टाळ्या पडल्या. मी मागच्या रांगेत बसले होते आणि मला भरून आलं होतं. पहिला हंगाम यादी अगदी सरळ निघाली.

दुसऱ्या हंगामाच्या तोंडावर अध्यक्षांनी बोलावलं. दुपारी, त्यांच्या ऑफिसातच, वेलदोड्याचा चहा. ते म्हणाले, तीन गावांत पाणी कमी आहे, तिथला ऊस वीस दिवस आधी तुटला पाहिजे. मी म्हणाले, मग तसा नियमच करू, जिथे जिथे पाणी कमी त्या सगळ्या गावांना. ते मायेने माझ्याकडे बघून म्हणाले, "हे बघ माय, नियम केला की तो समद्यांना लागू व्हतो."

संचालकांची निवडणूक तोंडावर होती आणि ती त्या तीन गावांवर ठरणार होती, हे हिंगोलीतल्या पानवाल्यालाही ठाऊक होतं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणून बाहेर आले. कारणं सांगता येतील. त्या वर्षी आमचं निम्म्याहून जास्त काम त्या कारखान्याचं होतं. अझहरच्या घरी आजारपण होतं. पण खरं कारण याहून लहान आहे, आणि ते लिहिताना अजून लाज वाटते. साहेब कधी येतील, असं न विचारणारं माझं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे हे अध्यक्ष होते.

बदल एका ओळीचा होता. गाव या तीनपैकी असेल तर लागणीची तारीख वीस दिवस आधीची धर. ओळ लिहिली, आणि हाताला सवय होती म्हणून शेजारी टीपही लिहिली : 'तीन गावांना वीस दिवसांची सूट. अध्यक्षांच्या तोंडी सूचनेवरून. कारण पाणी कमी, असे सांगितले. मला पटलेले नाही.' खाली तारीख आणि माझी आद्याक्षरं. टीप लिहून झाल्यावर मला इतकं हलकं वाटलं की घरी जाताना पाव किलो जिलेबी घेतली. अझहरने पडद्यावर ते वाचलं होतं. तो म्हणाला, "मॅडम, चोरी भी कर रहे और रसीद भी फाड रहे." मी त्याला सांगितलं की यालाच पारदर्शकता म्हणतात.

हंगाम अर्ध्यावर आला असेल, तेव्हा एक दिवस साठी ओलांडलेला, उन्हाने रापलेला, टोपी घातलेला एक माणूस जिना चढून आला. खाकी पँट, पायात सायकलवाल्याच्या क्लिपा. नाव फुलसिंग. एका तांड्यावर राहायचे, तीस वर्षं पोस्टमन होते, आता निवृत्त होऊन दोन एकर ऊस करत होते. त्यांनी साहेबांची चौकशी केली नाही. माझ्यासमोर बसले, पिशवीतून कारखान्याकडच्या आपल्या ऊस-नोंदीची पावती काढली आणि टेबलावर ठेवली. त्यांची लागण ज्या आठवड्यातली, त्याच आठवड्यातला दुसऱ्या एका गावातला ऊस तुटून गेला होता. यांचा अजून उभा. गट कार्यालयात विचारलं तर उत्तर मिळालं, कॉम्प्युटरने काढलंय. मग त्यांनी विचारलं, कॉम्प्युटरने कसं काढलं ते कुठं लिहिलंय का? तिथल्या अधिकाऱ्याने हसत हसत त्यांना माझा पत्ता दिला होता. सभेतलं ते कलम फुलसिंगकाकांना शब्दशः पाठ होतं. त्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्यांत ते होते.

"म्या सभासद हाय," ते म्हणाले. "मला छापील परत पायजे."

मी म्हणाले, काका, ते फार किचकट असतं, इंग्रजी अक्षरांत असतं. ते म्हणाले, निम्मं टपाल इंग्रजी अक्षरांतच यायचं. मी म्हणाले, बरीच पानं होतील. ते म्हणाले, बसतो. मग मी छपाई सुरू केली. प्रिंटर करकरू लागला आणि त्या आवाजात अझहर माझ्यामागे येऊन हळूच म्हणाला, ते एक पान काढून ठेवू का? मी नको म्हणाले. माझ्या प्रामाणिकपणाचा हा पुरावा म्हणून मी बरीच वर्षं हा प्रसंग सांगत असे. आता खरं सांगते. पान काढलं नाही, कारण त्यांना त्यातलं काही कळणार नाही याची मला खात्री होती. ज्या वाचकाची मी इतकी वर्षं वाट बघितली, तो समोर बसलेला असताना मी त्याला अडाणी धरून चालले होते.

सत्तेचाळीस पानं झाली. त्यांनी ती मोजून घेतली, सुतळीने बांधली आणि भाड्याच्या जीपने तांड्यावर परत गेले.

नऊ दिवसांनी परत आले. पानांवर पेन्सिलीच्या खुणा होत्या. त्यांनी एक पान काढून माझ्यासमोर सरळ करून ठेवलं. कोणतं ते मला बघायची गरज नव्हती. त्या ओळीत गावांची नावं नव्हती, कारखान्याचे गावांना दिलेले नंबर होते. पण प्रत्येकाच्या नोंद पावतीवर पहिला आकडा गावाचाच असतो. टपाल वाटण्यात ज्यांचं आयुष्य गेलं त्या माणसाला नंबर दिसला की त्यामागचं गाव शोधल्याशिवाय चैन पडणं शक्य नव्हतं. ते सायकलवर गावोगाव फिरून पावत्या बघून आले होते.

"चौदा, तेवीस, एकतीस," ते म्हणाले आणि तिन्ही गावांची नावं सांगितली. मग टिपेवर बोट ठेवलं. "बाई, हे तुमीच लिवलं?"

मी हो म्हणाले.

"मला पटलेले नाही, हे बी तुमीच?"

तेही मीच.

"मंग हे कुनाला सांगितलं?"

मी कुणालाच सांगितलं नव्हतं. पाण्याची अडचण, अध्यक्षांचा शब्द, माझी परिस्थिती, यातलं एकेक मी सांगू लागले. सगळं ऐकून झाल्यावर अगदी साध्या आवाजात, आवाज न चढवता ते बोलले.

"म्या तीस वर्सं टपाल वाटलं, बाई. लिवनारा लिवून मोकळा व्हतो. पन लिवलेलं पोचवावं लागतं. तुमी लिवलं अन् आपल्याच पेटीत ठिवून घेतलं. काहून?"

ते शिव्या देऊन गेले असते तर मी रडून मोकळी झाले असते, पण तीही सोय त्यांनी ठेवली नाही. मी त्यांच्यासमोर ती ओळ काढली, काढल्याची टीप लिहिली आणि यादी पुन्हा चालवली. त्यांच्या गटात त्यांच्याआधी सहा जण होते. जुन्या यादीत ते पुढच्या पानावर, तळाशी होते. मी म्हणाले, काका, तुमचा नंबर वर आला. ते म्हणाले, माझा एकट्याचा नको, समद्या गटाची यादी छापा.

दुसऱ्या दिवशी मी नवी यादी घेऊन कारखान्यावर गेले. त्या गटाच्या अधिकाऱ्याने ती पाहिली आणि खणात ठेवली. या हंगामापुरती जुनीच चालू द्या, म्हणाला. अध्यक्ष दौऱ्यावर होते. त्यांची गाडी दारात उभी होती. मी परत आले. माझ्या बंडखोरीची मर्यादा हिंगोली ते कारखाना आणि परत, एवढीच होती.

फुलसिंगकाकांनी तोपर्यंत ते टिपेचं पान आणि दोन्ही याद्या गट कार्यालयाच्या भिंतीवर खळीने चिकटवल्या होत्या. आधी कुणी थांबेना. मग एकाने आपलं नाव दोन याद्यांत दोन जागी पाहिलं, मग दुसऱ्याने. दोन दिवसांत भिंतीपुढे आठवडी बाजारासारखी गर्दी झाली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तोडणीची टोळी बैलगाड्या घेऊन थेट फुलसिंगकाकांच्या फडात हजर झाली. ओरडणाऱ्याचा ऊस आधी तोडला की आवाज बंद होतो, हे कारखान्याचं जुनं शहाणपण होतं.

पुढचं मला त्यांच्या पत्नीने, सोनाबाईंनी, सांगितलं. मी नंतर तांड्यावर गेले होते. फुलसिंगकाका बांधावर उभे राहिले आणि मुकादमाला म्हणाले, माझी पाळी सातवी, आधी पहिल्याकडं जा. पहिला म्हणजे त्यांचा चुलतभाऊ, ज्याच्याशी बांधाच्या भांडणावरून आठ वर्षं अबोला होता. मुकादम म्हणाला, चिठ्ठी तुमच्या नावाची आहे, तोडायचा असेल तर बोला, नाहीतर आम्ही चाललो. हे म्हणाले, जा. टोळी निघून गेली. "अख्खा तांडा पाहून राहिला व्हता," सोनाबाई म्हणाल्या. "दारात आलेल्या गाड्या माघारी लावल्या. ह्यांना ऊस न्हाई पायजे, ह्यांना नंबर पायजे." त्या हे रागानेच सांगत होत्या, आणि त्यांचा राग अगदी रास्त होता.

त्यानंतरच्या आठवड्यात टोळ्या नव्या यादीप्रमाणे फिरू लागल्या. तसं कुणी जाहीर केलं नाही. पहिला चुलतभावाचा ऊस गेला, मग बाकीच्यांचा. सातवी पाळी येईपर्यंत कालवा बंद होऊन बरेच दिवस झाले होते आणि फुलसिंगकाकांच्या दोन एकरांवर पांढरे तुरे डोलत होते. मी तांड्यावर गेले तेव्हा तोच ऊस तुटत होता. एक कांडं मोडून त्यांनी माझ्या हातात दिलं. आत नुसता कापूस. मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, चहा घ्या.

पुढच्या वार्षिक सभेत कारखान्याने आमचं काम बंद करून बाहेरच्या एका कंपनीचा प्रोग्रॅम घेतला. अध्यक्ष, जे निवडून आले होते, सभेत म्हणाले की हा नवा प्रोग्रॅम इतका सुरक्षित आहे की आत काय आहे ते आम्हालाही माहीत नाही. टाळ्या पडल्या. पहिल्या सभेपेक्षा जास्तच, असं अझहरचं म्हणणं. आमचं ऑफिस त्यानंतर बंद पडलं नाही, पण बारीक झालं. झेरॉक्स चालू होती.

उन्हाळ्यात, शाळांना सुट्ट्या लागल्यावर, फुलसिंगकाका पुन्हा जिना चढून आले. काखेत तीच सुतळी बांधलेली पानं. मला वाटलं, परत करायला आले. ते बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "समदं वाचून झालं."

मी म्हणाले, काका, तो प्रोग्रॅम आता चालत नाही. कारखान्याने काढून टाकला.

"ते ठाव हाय. पन हातात घेतलं ते पुरं करावं लागतं." त्यांनी सत्ताविसावं पान काढलं. "हे पाहा. दोघांची लागण एकाच तारखेची आसंल तं तुमी नावाच्या अक्षरावर लावलंय. मंजे अंबादास दरसाली म्होरं, अन् यशवंत दरसाली मागं. नोंद आधी कुनी केली ते कुनीच पाहून न्हाई राहिलं."

मी पान ओढून घेतलं. खरं होतं. तारीख सारखी असेल तर पुढे काय, याचा मी विचारच केला नव्हता. त्या ओळीत तारखेने लाव, एवढंच होतं, आणि सभासदांची मूळ यादी नावांच्या अक्षरावर होती, म्हणून सारख्या तारखांना प्रोग्रॅमने आपला तोच क्रम ठेवला. दोन हंगाम कित्येक यशवंत आणि विठ्ठल माझ्यामुळे शेवटी राहिले होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता. सगळ्या सत्तेचाळीस पानांत शेजारी टीप नसलेली ती एकच जागा असावी. इतक्या वर्षांत माझी चूक दुसऱ्या कुणी दाखवून दिली, ही पहिलीच वेळ. मला आनंद झाला. अशाच माणसासाठी मी हा धंदा मांडला होता. मी मान वर केली तर ते माझ्याकडेच बघत होते.

"हे कुनाच्या सांगन्यावरून केलं?" त्यांनी विचारलं.

"कुणाच्याच नाही, काका. खरंच. हे चुकून झालं."

नोकरीत असताना न पोचलेल्या पत्रावर पोस्टमनला शेरा लिहावा लागतो, घर बंद, गाव सोडून गेले, असा. तसा त्यांनी कानावरचा पेन्सिलीचा तुकडा काढला, पान स्वतःकडे वळवून घेतलं आणि त्या ओळीशेजारच्या मोकळ्या जागेत बारीक, सुवाच्य अक्षरात लिहिलं :

'चुकून झाले, असे बाई सांगतात.'

खाली तारीख घातली आणि सही केली.